जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात चौथीत २.६६ आलेत, गिमनाझियमचा विषय संपला का?

द्राक्षबाग:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय कारण दोन रात्री झोप नाही. आम्ही मूळचे नाशिकचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी न्यूर्नबर्गजवळ आलो. मुलाची पहिली नाशिकला झाली होती, इथे दुसरीच्या मध्यात बसवलं, जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. आता चौथीत आहे. जानेवारीत शाळेतून मार्कांचा कागद आला, डॉइच म्हणजे जर्मन ४, माथे म्हणजे गणित १, हाएसऊ ३ (हा आपल्या परिसर अभ्यासासारखा विषय). ज्यांना इथलं माहीत नाही त्यांच्यासाठी, इथे १ सगळ्यात चांगला आणि ६ सगळ्यात वाईट. तर या तीन विषयांची सरासरी झाली २.६६. पाचवीपासून इथे मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात, थेट युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या गिमनाझियमला २.३३ लागते, मधल्या, दहावीपर्यंतच्या रेआलशुलेला २.६६, म्हणजे आमचं पोरगं बरोब्बर काठावर बसलंय, आणि त्याच्याही खाली घसरलं की मिटेलशुले, म्हणजे सगळ्यात खालची. फायनल युबरट्रिटचं, म्हणजे पुढच्या शाळेत जाण्याचं, सर्टिफिकेट मेच्या सुरुवातीला मिळणार.

मला त्रास कशाचा होतोय सांगू का, त्याला येतंय सगळं. हाएसऊच्या पेपरात नळाला पाणी कुठून येतं असा प्रश्न होता. त्याने विहीर, पंप, डोंगरावरची टाकी, घर असं सगळं बाण काढून दाखवलं, एकही चूक नाही. खाली वाक्यात लिहायचं होतं तिथे याने लिहिलं 'दास वासर गेट होख', पाणी वर जातं. बाईंना पंपाने वर चढवलं जातं असं हवं होतं, अर्धा मार्क. असे अर्धे अर्धे करत ३ झाले. घरी आल्यावर पेपर दप्तरातून काढलाच नाही, मला दोन दिवसांनी डब्याच्या खाली चुरगळलेला सापडला.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगं दहा वर्षांच्या लेकराचं काय ठरवतात हे लोक, आपल्याकडे चौथीत फार तर स्कॉलरशिपला बसवायचे. नवरा म्हणतो आपण परत जाऊ, पुण्यात बदली मिळू शकते. मला कळत नाहीये. रेआलशुलेला गेला तर युनिव्हर्सिटी कायमची बंद होते का? तो प्रोबेउंटररिश्ट (प्रवेशासाठीचे चाचणीचे वर्ग) असतो म्हणे, तो द्यावा का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा, मोठं लिहिलंत तरी चालेल.

पेगनिट्झकाठ:

ताई, मी स्वतः यातून गेलोय म्हणून लिहितो. मी नऊ वर्षांचा असताना सोलापूरहून इथे आलो, आज २६ वर्षांचा आहे आणि मेकॅनिकलमध्ये मास्टर्स संपवतोय. मी गिमनाझियमला एक दिवसही गेलेलो नाही.

माझा रस्ता असा होता, रेआलशुले पाचवी ते दहावी. सातवीपासून तिथे शाखा निवडायच्या असतात, गणित-सायन्सची, कॉमर्ससारखी किंवा फ्रेंचची, मी पहिली घेतली. दहावीला बोर्डासारखी परीक्षा होते. त्यानंतर फोस म्हणजे फाखओबरशुले, अकरावीपासूनची व्यावसायिक वळणाची शाळा, तिथे जायला दहावीच्या सर्टिफिकेटात डॉइच, इंग्लिश आणि माथे मिळून ३.५ सरासरी लागते, जी तुमच्या मुलासारख्या गणितवाल्याला अवघड नाही. फोसला मी टेक्निक घेतलं. अकरावीत निम्मा वेळ वर्गात आणि निम्मा वर्कशॉपमध्ये. मला अजून आठवतं, पहिले काही आठवडे लोखंडाचा एक चौकोनी तुकडा कानशीने घासत होतो, मास्टर येऊन गुण्या लावून उजेडात धरायचे आणि फट दिसली की परत घास. हात सोलून निघाले पण नंतर डिझाईनच्या लेक्चरला टॉलरन्स म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

बारावी झाली की फाखआबिटुअर मिळतो, त्यावर होखशुलेला म्हणजे अप्लाइड युनिव्हर्सिटीला डायरेक्ट बॅचलर्स. आणि फोसची तेरावी केली, सोबत दुसरी परकी भाषा असली, तर पूर्ण आबिटुअर म्हणजे आबी, गिमनाझियमवाल्याला मिळतो तोच, कुठलीही युनिव्हर्सिटी, कुठलाही विषय. मी तेरावी केली, स्पॅनिश घेऊन. बायर्नचं गिमनाझियम आता परत नऊ वर्षांचं झालंय म्हणजे तिथली मुलंही तेरावीलाच आबी देणार, त्यामुळे वर्षसुद्धा फुकट जात नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरच्यांना कळत नाही कारण आपल्याकडे सगळी लढाई प्रवेशाचीच असते. इथे मेडिसिनला आबीचे मार्क अगदी १ च्या जवळ लागतात ते खरं, पण इंजिनिअरिंगच्या बऱ्याच कोर्सेसना एनसी म्हणजे कटऑफ नसतोच, अर्ज केला की जागा. चाळणी आत गेल्यावर लागते, पहिल्या वर्षाच्या गणितात किती पोरं गळतात ते मी बघितलंय, आणि एकच पेपर तीनदा गेला की बहुतेक ठिकाणी तो कोर्सच बंद. तिथे कोण चौथीत कुठल्या शाळेत गेला हे कुणी विचारत नाही.

सह्याद्री_८८:

वरच्या भावाने छान लिहिलंय पण मी थोडं वेगळं सांगतो, म्युन्शनला (म्युनिक) १४ वर्षं आहे. रस्ते आहेत हे शंभर टक्के खरं, पण ते रस्ते शोधून त्यावर टिकून राहणारा मुलगा आणि मागे उभे राहणारे आईबाप लागतात, सगळ्यांना जमत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी बरोबरचे सगळे मित्र आउसबिल्डुंग (काम करत घ्यायचं पगारी प्रशिक्षण) करून पगार आणायला लागतात तेव्हा आपल्या मुलाने अजून तीन वर्षं शाळेत बसायचं हे सोपं नसतं. (आउसबिल्डुंग वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, आमच्या शेजारचा मुलगा ते करून आज उत्तम कमावतो.)

प्रोबेउंटररिश्ट जरूर द्या. मे महिन्यात तीन दिवस असतो, ज्या गिमनाझियमला घालायचंय तिथेच, फक्त डॉइच आणि माथे. एकात ३ आणि दुसऱ्यात ४ आले तरी पास. दोन्हीत ४ आले तरी आईवडिलांनी लेखी मागितलं तर घेतात. तुमच्या मुलाला माथेत १ आहे म्हणजे गणितात ३ च्या आत येईलच, डॉइचचे ४ सांभाळले की झालं. त्यात हाएसऊ नाहीये हे तुमच्या फायद्याचं.

पण मग पुढचा विचार करा. बायर्नच्या गिमनाझियमला सहावीपासून दुसरी परकी भाषा सुरू होते, लॅटिन किंवा फ्रेंच. आमच्या मुलीला आम्ही हट्टाने घातली होती, तिचंही जर्मन तेव्हा कच्चं होतं. लॅटिनचं वाक्य आधी जर्मनमध्ये आणायचं आणि ते जर्मन पण बरोबर पाहिजे, पोर रोज रात्री साडेनऊपर्यंत टेबलावर. सातवीत आम्हीच तिला रेआलशुलेला हलवलं, आणि पहिल्याच महिन्यात ती परत गाणं म्हणायला लागली, आम्हाला तोवर लक्षातच आलं नव्हतं की वर्षभर घरात तिचं गाणं ऐकू आलेलं नाही.

अंजिरी:

एक मिनिट थांबा सगळे. @द्राक्षबाग, तुम्ही लिहिलंय की मुलगा दुसरीच्या मध्यात इथल्या शाळेत आला, म्हणजे पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हता, बरोबर? मग तुम्हाला कुणी ३.३३ चा नियम सांगितला नाही का??

बायर्नमध्ये ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून जर्मन ग्रुंडशुलेत म्हणजे प्राथमिक शाळेत नव्हती त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. तीन विषयांची सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी शाळा त्यांना गिमनाझियमसाठी योग्य ठरवू शकते, अट इतकीच की मार्क कमी पडण्याचं कारण जर्मन भाषेतली कमतरता असली पाहिजे आणि ती भरून निघण्यासारखी वाटली पाहिजे. माथे १ आणि डॉइच ४, याहून स्पष्ट केस काय असणार! पण हे आपोआप होत नाही, 'ठरवू शकते' असं आहे, 'ठरवेल' असं नाही. हा निर्णय मेच्या सर्टिफिकेटात यायला हवा म्हणून आत्ताच, फेब्रुवारीतच वर्गशिक्षिकेची वेळ मागा. सर्टिफिकेट हातात पडल्यावर गेलात तर फार उशीर.

मी हे तावातावाने लिहितेय कारण आमच्या मोठ्याच्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्ही शिक्षक म्हणतील ते बरोबर असं मानून गप्प सही करून आलो, पालकसभेत मान हलवत बसलो. नंतर दुसऱ्या शहरातल्या एका तुर्की आईकडून कळलं. तो आता ठीक आहे, रेआलशुले नववीत, पण त्यावेळी दार होतं आणि आम्ही ठोठावलंच नाही याचं वाईट अजून वाटतं.

जाताना भांडायला जाऊ नका. पाण्याचा तो पेपर घेऊन जा. जिथे उत्तर बरोबर आणि वाक्य चुकलंय अशा जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. दुसरीच्या, तिसरीच्या शेवटची प्रगतिपत्रकं पण न्या म्हणजे जर्मन किती झपाट्याने सुधारलं ते दिसेल. शाळेत डाझचा तास म्हणजे दुसरी भाषा म्हणून जर्मन, तो घेत असेल तर तेही सांगा. आणि शाळेचे बेराटुंगवाले म्हणजे सल्ला देणारे शिक्षक असतात, सरकारी शुलबेराटुंगची ऑफिसं पण असतात, फुकट असतं ते, तिथेही भेटा.

द्राक्षबाग:

अंजिरीताई मी हे वाचून ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. नाही, कुणीही सांगितलं नव्हतं. पालकसभेत एक पीडीएफ दिली होती त्यात कुठेतरी असेलही पण ४० पानांचं जर्मन मी ट्रान्सलेट करत बसले आणि तक्ता बघून थांबले. आजच बाईंना ईमेल टाकते. सह्याद्रीदादा तुमच्या मुलीचं वाचून पण पोटात कालवलं, ते विसरणार नाही.

कालव्याकाठी:

आयंडहोवनहून लिहितेय, नेदरलँड्सचं. इथेही अशीच विभागणी आहे पण दोन वर्षं उशिरा, ग्रुप ८ मध्ये, मुलं १२ च्या आसपास असतात. व्हीडब्ल्यूओ सहा वर्षांचं, तिथून युनिव्हर्सिटी, हावो पाच वर्षांचं, तिथून एचबीओ म्हणजे अप्लाइड युनिव्हर्सिटी, आणि व्हीएमबीओ चार वर्षांचं. शाळा आधी सल्ला देते, मग फेब्रुवारीत परीक्षा होते, आणि परीक्षेत सल्ल्यापेक्षा चांगलं आलं तर शाळेला सल्ला वर न्यावा लागतो, न नेण्याचं कारण त्यांनी द्यायचं. आमच्या धाकटीचा असाच हावोवरून हावो-व्हीडब्ल्यूओ झाला. आणि हावो करून एचबीओचं पहिलं वर्ष पास झालं की युनिव्हर्सिटीला जाता येतं बऱ्याच विषयांना.

मला वाटतं मूळ त्रास हा आहे की आपल्याला ही पद्धत मुलाच्या वयाबरोबर कळत नाही. इथल्या आईबापांना त्यांच्या आईबापांनी सांगितलेलं असतं. आपल्याला भाजीच्या रांगेत दुसऱ्या आईकडून कळतं.

कोथरूडपरत:

पुण्याला परत यायचा विचार करणाऱ्यांसाठी, कारण तो प्रश्न पण विचारलाय. आम्ही जर्मनीच्या हेसन राज्यातून २०१९ मध्ये परत आलो, मुलगी सहावीत होती. निर्णयाचा पश्चात्ताप नाही, आजी-आजोबा मिळाले, पण चौथीच्या मार्कांना घाबरून येणार असाल तर कृपया येऊ नका.

एक तर इथे परत भाषाच आडवी येते. २०२० पासून महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, योग्यच आहे ते, पण आमची मुलगी घरी फाडफाड मराठी बोलणारी आणि निबंध लिहायला बसली की ऱ्हस्व-दीर्घाने वही लाल. शिवाय हिंदी. तुमच्या मुलाने पहिली इथे केलीय म्हणजे अक्षरं तरी येत असतील, दोन-तीन वर्षांत तीही पुसट होतात.

दुसरं, तिथे चौथीत जे दडपण आहे ते इथे आठवीपासून फाउंडेशनच्या क्लासने सुरू होतं आणि बारावीपर्यंत संपत नाही. जेईई मेनला दहा लाखांच्या वर मुलं बसतात, त्यातली वरची अडीच लाख ॲडव्हान्स्डला, आणि आयआयटीच्या सगळ्या मिळून जागा अठरा हजारांच्या आसपास. बाकी राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी, कॅप राउंड, ते वेगळंच. मुलगी आता बारावीत आहे, कॉलेज फक्त हजेरीपुरतं आणि दिवस क्लासमध्ये. आणि गंमत नाही सांगत, तिला आता बॅचलर्सला परत जर्मनीला जायचंय आणि आता तिची बारावी आबिटुअरच्या बरोबरीची धरत नाहीत! आधी एपीएसचं (इथली कागदपत्रं तपासल्याचं) सर्टिफिकेट, मग श्टुडिएनकोलेग नावाचा दोन सेमिस्टरचा वर्ग आणि त्याची शेवटची परीक्षा, नाहीतर जेईई ॲडव्हान्स्ड पास, नाहीतर इथल्या युनिव्हर्सिटीत त्याच विषयाचं एक वर्ष पूर्ण करून अर्ज. तिथेच राहिली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. पाचवीपर्यंत ती ज्या बाकावर बसत होती त्याच देशात आता तिला जर्मन येतं याचा पुरावा द्यायचाय.

म्हणून सांगते, परत यायचं तर माणसांसाठी या, मार्कांसाठी नको.

पेगनिट्झकाठ:

@कोथरूडपरत, तिला श्टुडिएनकोलेगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी आत्तापासून करायला सांगा, जर्मन आणि टी-कोर्स (टेक्निकल विषयांचा) असेल तर गणित. सरकारी कोलेगला जागा कमी असतात. माझ्याबरोबर तिथून आलेली दोघं होती, दोघांचं बेसिक पक्कं होतं.

अंजिरी:

आणि अजून एक राहिलंच, @द्राक्षबाग, रेआलशुलेला गेलाच तरी पाचवीच्या शेवटी डॉइच आणि माथेत मिळून २.५ आले तर गिमनाझियमच्या पाचवीत जाता येतं. एक वर्ष परत करायला लागतं, पण त्या वर्षात जर्मन कुठल्या कुठे जातं. मला तर सह्याद्रींच्या मुलीचं वाचून वाटलं की काही मुलांना हाच रस्ता जास्त मानवेल.

द्राक्षबाग (मे महिन्यात):

मंडळी, तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, घडत होतं तोवर लिहायचा धीर झाला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी बाईंना भेटलो. मी पेपर काढला, खुणा केलेल्या, आणि रात्रभर पाठ केलेलं जर्मन निम्मं विसरले. पण बाईंनी तो पाण्याचा पेपर हातात घेऊन बराच वेळ बघितला, मग स्वतःहून म्हणाल्या की हे चित्र वर्गात सगळ्यात चांगलं होतं. नियम त्यांना माहीत होता. त्या म्हणाल्या, तुम्हाला गिमनाझियम हवंय असं तुम्ही कधी बोललाच नाहीत, मला वाटलं तुम्ही परत जाणार. म्हणजे आम्ही पालकसभेत मान हलवत बसलो त्याचा अर्थ त्यांनी असा लावला होता. मी त्यांच्यावर चिडून गेले होते, ते तिथेच विरलं. त्यांनी कुठलंही वचन दिलं नाही, फक्त म्हणाल्या रोज अर्धा तास मोठ्याने वाचून घ्या आणि वाचलेलं त्याला त्याच्या शब्दांत लिहू द्या, चुका तुम्ही दुरुस्त करू नका, मी करीन. त्याने दोन महिन्यांत एक वही भरवली. पहिल्या पानांवर लाल शाईच जास्त आहे, शेवटच्या पानांवर एका ओळीत एखादी खूण.

काल सर्टिफिकेट आलं. सरासरी तीच, २.६६, डॉइच ४ चे ४ च राहिले. पण खाली गिमनाझियमसाठी योग्य असं लिहिलंय आणि कारण पण लिहिलंय. नवऱ्याने तीनदा वाचलं, मग मला वाचायला लावलं, मग मुलाला.

आम्ही दोन्हीकडचे ओपन डे बघून आलोय. सह्याद्रीदादा, लॅटिनवालं सोडलं, फ्रेंच मिळते असं गिमनाझियम बघितलंय आणि दुपारी गृहपाठ करून घेतात, ट्रामने वीस मिनिटं. आणि आम्ही तिघांनी बसून ठरवलंय की सहावीच्या दिवाळीपर्यंत बघायचं, त्याला झेपत नसेल तर रेआलशुले, कुणी तोंड पाडायचं नाही. सासूबाईंना पण तसंच सांगितलंय, त्या म्हणाल्या पोरगं हसतंय ना मग झालं.

आता एकच, पुढच्या आठवड्यात नाव घालायला जायचंय, गोवराच्या लसीचा पुरावा आणि जन्मदाखला मागितलाय. दाखला नाशिक महापालिकेचा आहे, मराठी-इंग्रजी दोन्हीत. त्याचं जर्मन भाषांतर करून घ्यावं लागेल का?

सह्याद्री_८८:

अभिनंदन! आमचा इंग्रजी असलेला तसाच चालला होता, पण सेक्रेटरिआटला आधी फोन करून विचारा, शाळेगणिक बदलतं. ओरिजिनल घेऊन जा आणि झेरॉक्स दोन ठेवा.

अंजिरी:

ती वही पण जपून ठेवा.